पाठ 18 : होकार देण्यापूर्वी

प्रस्तावना

डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण आपल्या आजाराविषयी मोकळेपणाने बोलतो. घरातल्या माणसांनाही न सांगितलेली गोष्ट आपण त्यांना सांगतो. ऐकणारी व्यक्ती समोर असते, दार लोटलेले असते आणि सांगितलेली गोष्ट आपल्या उपचारासाठीच उपयोगात येईल, असा आपला विश्वास असतो.

आता हीच माहिती आपण मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर भरू लागलो आहोत. आरोग्य विम्याचा अर्ज करणे, तपासणीची वेळ ठरवणे, औषधे मागवणे, बँकेत खाते उघडणे अशी अनेक कामे संकेतस्थळांवरून होतात. अशा अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य असते : 'मी गोपनीयता सूचना वाचली असून ती मला मान्य आहे.' त्या वाक्यापुढे एक रिकामा चौकोन असतो. बहुतेक जण सूचना न वाचताच चौकोनात खूण करतात.

ही सूचना म्हणजे काय, ती कोणी व का द्यावी लागते, तिच्यात काय असावे आणि ती कशी वाचावी, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

- संवेदनशील वैयक्तिक माहिती म्हणजे काय, ते उदाहरणांसह सांगता येईल;
- गोपनीयतेचा हक्क आपल्या देशात कसा मान्य झाला, ते थोडक्यात लिहिता येईल;
- गोपनीयता सूचनेतील आवश्यक भाग ओळखता येतील;
- सूचनेतील संदिग्ध वाक्यरचना ओळखून त्यांविषयी प्रश्न विचारता येतील;
- माहिती देण्यापूर्वी विचारपूर्वक निर्णय घेता येईल.

18.1 एक परिचित प्रसंग

सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर गेली. त्यांना गलाई व्यावसायिक म्हणतात. तमिळनाडूतही ही कुटुंबे स्थिरावली आहेत. चेन्नईच्या सावकारपेट भागात राहणाऱ्या अशाच एका घरातील प्रसंग आपण कल्पू या.

घरातील काकूंसाठी आरोग्य विमा घ्यायचा होता. पुतण्या मोबाइलवर अर्ज भरत होता. वय, पत्ता, बँक खात्याचा क्रमांक, रक्तातील साखर, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, घरातील वडीलधाऱ्यांचे आजार असे एकामागून एक प्रश्न येत होते. काकू उत्तरे देत होत्या.

"काकू, सगळं भरून झालं. आता या चौकोनात खूण करा, म्हणजे झालं," पुतण्या म्हणाला.

"त्याच्यापुढं काय लिहिलंय?"

"ते सगळीकडंच असतं. कुणी वाचत नाही."

"अरे, कुणी कागदावर सही मागितली, तर तुझे आजोबा आधी कागद वाचून घ्यायचे. माझी साखर किती, माझं ऑपरेशन कधी झालं, सगळं यात भरलंस. ते कुणाकडं जाणार, एवढं तरी बघ की."

पुतण्याने सूचनेचे पान उघडले. मजकूर इंग्रजीत होता. सोबत तमिळचा पर्याय होता, मराठीचा नव्हता. पुतण्याला इंग्रजी वाचता येत होते, परंतु लांबलचक वाक्ये वाचूनही त्याला नेमका अर्थ लागेना. काकूंना बाजारापुरते तमिळ बोलता येत होते, वाचता येत नव्हते.

"मला नीट कळत नाही, काकू," त्याने कबूल केले.

"मग आपण हो कशाला म्हणतोय, ते तरी सांग."

काकूंचा हा प्रश्न या पाठाचा मुख्य विषय आहे. जे समजले नाही, त्याला दिलेला होकार खरा होकार असतो का?

18.2 संवेदनशील माहिती कोणती?

आपले नाव शेजाऱ्यांना ठाऊक असते. आपण कोणत्या बसने कामावर जातो, हेही अनेकांना माहीत असते. अशी माहिती वैयक्तिक असली, तरी ती कळल्याने सहसा हानी होत नाही. काही माहिती मात्र चुकीच्या हाती पडली, तर माणसाची नोकरी, पैसा, विवाह, प्रतिष्ठा किंवा सुरक्षितता धोक्यात येऊ शकते. क्षयरोगावर उपचार घेतलेल्या एखाद्या कामगाराचा विचार करा. रोग पूर्ण बरा झाला असला, तरी ही गोष्ट मालकाला कळली तर आपले काम जाईल, अशी भीती त्याला वाटते.

केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 या कायद्याखाली 11 एप्रिल 2011 रोजी काही नियम अधिसूचित केले. त्या नियमांत 'संवेदनशील वैयक्तिक माहिती'ची यादी दिलेली आहे. तिच्यात पुढील बाबी येतात :

- पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द;
- बँक खाते, क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड यांसारखी आर्थिक माहिती;
- शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती;
- लैंगिक कल;
- वैद्यकीय नोंदी व पूर्वीच्या आजारांचा इतिहास;
- बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा यांसारखी जैवमितीय माहिती.

ही यादी पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. पासवर्ड बदलता येतो. कार्ड रद्द करून नवे घेता येते. परंतु आपल्या बोटांचे ठसे किंवा आपल्याला झालेला आजार बदलता येत नाही. ही माहिती एकदा बाहेर पडली की ती परत घेण्याचा उपाय नसतो. म्हणूनच ती देण्यापूर्वीच विचार करावा लागतो.

पाठगत प्रश्न 18.1

1. योग्य की अयोग्य, ते सांगा.
(अ) 2011 च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी ही संवेदनशील माहिती आहे.
(आ) बोटांचे ठसे चोरीला गेले, तर ते पासवर्डप्रमाणे बदलता येतात.

2. काकूंच्या अर्जातील कोणत्या दोन प्रकारच्या बाबी संवेदनशील आहेत?

18.3 गोपनीयतेचा हक्क : मद्रास ते दिल्ली

आपल्या संविधानात 'गोपनीयता' हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत स्वतंत्रपणे आलेला नाही. तरीही आज हा मूलभूत हक्क मानला जातो. या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा चेन्नईशी जोडलेला आहे. 1996 पर्यंत या शहराचे अधिकृत नाव मद्रास असे होते.

मद्रासमधून 'नक्कीरन' नावाचे तमिळ नियतकालिक प्रसिद्ध होत असे. मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याने तुरुंगात लिहिलेले आत्मचरित्र ते प्रसिद्ध करणार होते. त्यात काही सरकारी अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. तुरुंग प्रशासनाने प्रकाशनाला हरकत घेतली. संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याचा निकाल 1994 मध्ये लागला. सरकारला प्रकाशन आधीच रोखता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक तत्त्व मांडले. माणसाला त्याच्या खासगी जीवनात निवांत राहू दिले जाण्याचा हक्क आहे आणि हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे. स्वतःचे कुटुंब, विवाह, अपत्ये, शिक्षण अशा खासगी बाबींविषयी त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय कोणी काही प्रसिद्ध करू नये. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींतील मजकुराला मात्र हे बंधन लागू होत नाही.

या निकालात 'संमती' हा शब्द मध्यवर्ती होता. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. संगणकाच्या युगात आपली माहिती कोणाला किती द्यावी, हे ठरवण्याचा अधिकार या हक्काचा भाग ठरला.

परदेशांतही हा विचार पूर्वीपासून चालू होता. 1973 मध्ये अमेरिकेतील एका शासकीय समितीने माहितीच्या वापराविषयी काही साधी तत्त्वे सांगितली. माणसाविषयीच्या नोंदींचे कोणतेही भांडार गुप्त असू नये. आपल्याविषयी काय नोंदले आहे, हे त्याला कळावे. एका कामासाठी घेतलेली माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरू नये. आजची गोपनीयता सूचना या तत्त्वांतूनच विकसित झाली आहे.

18.4 सूचनेत काय असावे?

संवेदनशील माहिती घेणाऱ्या कंपनीने आपले गोपनीयता धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध केले पाहिजे, असे 2011 च्या नियमांनी ठरवले. कोणती माहिती घेतली जाते, ती कशासाठी घेतली जाते, ती कोणाला दिली जाते आणि तिचे रक्षण कसे केले जाते, हे त्यात स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरले. कामासाठी गरजेची असेल तेवढीच माहिती घ्यावी, काम संपल्यावर ती विनाकारण ठेवू नये आणि तक्रार ऐकण्यासाठी एक अधिकारी नेमावा, हेही त्या नियमांत आहे. त्या अधिकाऱ्याने एका महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करायचे असते.

त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 संमत केला. त्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. सूचना आणि संमती यांविषयीच्या मुख्य तरतुदी नियम प्रसिद्ध झाल्यापासून 18 महिन्यांनी लागू व्हाव्यात, असे त्यांत ठरवले आहे.

या कायद्यातील पुढील मुद्दे सामान्य नागरिकाने लक्षात ठेवावेत.

(1) सूचना आधी, संमती नंतर. कोणती माहिती कोणत्या प्रयोजनासाठी हवी आहे, हे संमती मागतानाच किंवा त्यापूर्वी सांगितले पाहिजे. संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कोठे करायची, हेही त्या सूचनेत असले पाहिजे.

(2) संमती खरी असावी. ती स्वेच्छेने, विशिष्ट कामापुरती, समजून-उमजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

(3) गरजेपुरतीच संमती. कायद्यात यासाठी एक उदाहरण दिलेले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे एखादे अ‍ॅप उपचारासाठी माहिती मागते आणि त्याच वेळी मोबाइलमधील सर्व संपर्क क्रमांकही मागते. वैद्यकीय सल्ल्यासाठी संपर्क क्रमांकांची गरज नाही. त्यामुळे वापरकर्त्याने दोन्हींना होकार दिला, तरी तो होकार वैद्यकीय सल्ल्यापुरताच धरला जाईल.

(4) हक्क सोडून देता येत नाही. यासाठी कायद्यात विम्याचेच उदाहरण आहे. विमा घेताना 'मी मंडळाकडे तक्रार करणार नाही' अशा अटीला एखाद्या व्यक्तीने संमती दिली, तरी ती अट अवैध ठरेल. येथे 'मंडळ' म्हणजे या कायद्याखालील भारतीय माहिती संरक्षण मंडळ होय.

(5) मागे घेण्याची सोय. जितक्या सहजपणे संमती देता येते, तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे. अर्थात, संमती मागे घेतल्यामुळे सेवा थांबली, तर त्याचा परिणाम आपल्यालाच सोसावा लागतो.

(6) आपल्या भाषेत सूचना. ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाला मराठीतून आणि पुण्यात राहणाऱ्या तमिळ माणसाला तमिळमधून सूचना मागता येईल. काकूंच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

या दोन कायदेशीर व्यवस्थांमध्ये एक फरक आहे. 2011 च्या नियमांत संवेदनशील माहितीची वेगळी यादी आहे. 2023 च्या कायद्यात अशी वेगळी वर्गवारी नाही. सर्व डिजिटल वैयक्तिक माहितीला तो सारखाच लागू होतो. त्यामुळे कोणती माहिती आपल्यासाठी अधिक नाजूक आहे, हे वाचकाला स्वतः ओळखावे लागते.

पाठगत प्रश्न 18.2

रिकाम्या जागा भरा.

1. राजगोपाल खटल्यात गोपनीयतेचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ______ मध्ये अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने म्हटले.
2. 2017 च्या निकालाच्या पीठात ______ न्यायाधीश होते.
3. आठव्या अनुसूचीत ______ भाषांचा समावेश आहे.

18.5 सूचना असूनही काय घडू शकते?

सूचना चांगली असली की माहिती सुरक्षित राहील, असे समजणे योग्य होणार नाही. चेन्नईत मुख्यालय असलेल्या स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीचे उदाहरण पाहू. सप्टेंबर 2024 मध्ये 'रॉयटर्स' या वृत्तसंस्थेने एक वृत्त दिले. या कंपनीच्या ग्राहकांची चोरलेली माहिती टेलिग्राम या संदेश सेवेवरील स्वयंचलित खात्यांमधून कोणालाही मिळवता येत होती. त्यात नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रती, तपासण्यांचे अहवाल आणि आजारांचे निदान यांचा समावेश होता. 3 कोटी 10 लाख ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा चोराने केला. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती माहिती पसरवणारी खाती व संकेतस्थळे बंद करण्याचा अंतरिम आदेश दिला. आपल्यावर सायबर हल्ला झाला आणि काही माहिती बेकायदा मिळवली गेली, हे कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये मान्य केले. चोराने 68,000 डॉलरची खंडणी मागितल्याचेही तिने सांगितले.

या घटनेकडे विमाधारकाच्या दृष्टीने पाहा. रुग्णालयाचे बिल मंजूर व्हावे म्हणून त्याने आपला तपासणी अहवाल पाठवला होता. तो पाठवण्यात त्याची काहीच चूक नव्हती. विमा कंपनीला ती माहिती लागतेच. तरीही त्याचा आजार अनोळखी माणसांसमोर उघडा पडण्याची वेळ आली. न्यायालयाने खाती बंद केली, तरी तोपर्यंत कोणी प्रती काढून घेतल्या असतील, तर त्या परत मिळवता येत नाहीत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. सूचना हे कुलूप नसून वचन आहे. वचनामुळे चोर थांबत नाही. परंतु वचनात कमी माहिती मागितली असेल आणि ती लवकर नष्ट करण्याचे कबूल केले असेल, तर चोराच्या हाती कमी लागते. जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जात नाही. जी वेळेवर नष्ट केली, तीही जात नाही. म्हणून सूचना वाचताना 'माझी माहिती सुरक्षित आहे का?' या प्रश्नापेक्षा 'ही माहिती हवीच कशाला आणि ती किती काळ ठेवणार?' हे दोन प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

2023 च्या कायद्याने या वचनाला बळ दिले आहे. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न करणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती फुटल्यास ज्यांची ती माहिती आहे, त्यांना कळवणेही संस्थेवर बंधनकारक केले आहे.

18.6 सूचना कशी वाचावी?

या सूचना फार लांब असतात, ही तक्रार खरी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2008 मध्ये एक हिशेब मांडला. एखाद्या व्यक्तीने वर्षभरात पाहिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे गोपनीयता धोरण वाचायचे ठरवले, तर तिला वर्षाला सुमारे 200 तास लागतील, असा त्यांचा अंदाज होता. कष्टकरी माणसाकडे इतका वेळ नसतो. म्हणून सगळे पान वाचण्याऐवजी पाच प्रश्नांची उत्तरे शोधावीत. जेथे आरोग्याची किंवा पैशाची माहिती द्यायची आहे, तेथे तरी हे पाच प्रश्न टाळू नयेत.

1. काय? कोणकोणती माहिती घेतली जाणार आहे? अर्जात भरलेल्या माहितीशिवाय मोबाइलमधील संपर्क, छायाचित्रे, आपले ठिकाण हेही घेतले जाणार आहे का?
2. कशासाठी? प्रयोजन नेमके सांगितले आहे का? 'सेवा सुधारण्यासाठी' या शब्दांत काहीही बसू शकते.
3. कोणाला? माहिती आणखी कोणाकडे जाणार? त्यांची नावे किंवा निदान त्यांचा प्रकार दिला आहे का?
4. किती काळ? विमा संपल्यावर किंवा खाते बंद केल्यावर माहितीचे काय होणार?
5. तक्रार कोठे? संमती मागे घेण्याचा मार्ग आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता दिला आहे का?

येथे एक सावधगिरी बाळगावी. आपली माहिती जपायची म्हणून विम्याच्या अर्जात खोटे उत्तर देऊ नये किंवा विचारलेला आजार लपवू नये. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. आजार लपवल्याचे पुढे उघड झाले, तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. जी माहिती कामासाठी आवश्यक आहे, ती खरी द्यावी; जी आवश्यक नाही, तिला नकार द्यावा. हा फरक ओळखणे म्हणजेच सूचना वाचणे.

आता पुन्हा सावकारपेटमधील त्या घरी जाऊ. पुतण्याने पाच प्रश्न कागदावर लिहिले आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला दूरध्वनी केला. तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली. संपर्क क्रमांक वाचण्याची परवानगी न देताही अर्ज भरता येतो, हे त्याला समजले. त्याने ती परवानगी नाकारली. माहिती किती वर्षे ठेवणार आणि तक्रार कोणाकडे करायची, याविषयी लेखी उत्तर मिळावे, असे पत्र त्याने ई-मेलने पाठवले. 'सूचना मराठीतही द्यावी', असे वाक्य काकूंनी त्यात शेवटी घालायला लावले. अर्ज मात्र त्या दिवशी पुढे गेला नाही.

"चार दिवस उशीर झाला, तर चालेल," काकू म्हणाल्या. "उत्तर येऊ दे, मग बघू."

18.7 भाषाभ्यास : कर्ता कोठे आहे?

गोपनीयता सूचनांमध्ये पुढील प्रकारची वाक्ये वारंवार आढळतात :

'आपली माहिती आवश्यकतेनुसार सहयोगी संस्थांना दिली जाऊ शकते.'

या वाक्यात माहिती देणारा कोण, हे सांगितलेले नाही. 'जाणे' या क्रियापदाच्या साहाय्याने केलेल्या अशा रचनेला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात. ही रचना व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु तिच्यात कर्ता गाळता येतो आणि कर्ता गाळला की जबाबदारीही धूसर होते. याशिवाय 'आवश्यकतेनुसार' म्हणजे कोणाच्या आवश्यकतेनुसार, 'सहयोगी' म्हणजे कोण आणि 'शकते' म्हणजे देणार की नाही, हेही कळत नाही.

तेच वाक्य कर्तरी प्रयोगात असे लिहिता येईल :

'तुमचा दावा तपासण्यासाठी आम्ही तुमचे तपासणी अहवाल तुमच्या रुग्णालयाला दाखवतो. इतर कोणालाही दाखवत नाही.'

येथे कर्ता 'आम्ही' आहे, कर्म 'तपासणी अहवाल' आहे आणि प्रयोजनही स्पष्ट आहे. उद्या वचन मोडले, तर कोणाला जाब विचारायचा, ते वाचकाला कळते.

भाषेविषयीची आणखी एक नोंद घेण्यासारखी आहे. भारतातील कायद्यांच्या इंग्रजी पाठांत कोणत्याही व्यक्तीसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरण्याची रूढी आहे. 2023 च्या या कायद्यात मात्र व्यक्तीसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले असून ते सर्व लिंगांच्या व्यक्तींना लागू होते, असा खुलासा केला आहे. विम्याच्या उदाहरणातील ग्राहकही 'ती' आहे. मराठीत 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगीच असल्याने ही रचना आपल्याला अपरिचित वाटत नाही.

पाठगत प्रश्न 18.3

1. पुढील वाक्य कर्ता स्पष्ट करून पुन्हा लिहा : 'आपला दूरध्वनी क्रमांक जाहिरातींसाठी वापरला जाऊ शकतो.'
2. 'सूचना हे कुलूप नसून वचन आहे,' या विधानाचा अर्थ एका वाक्यात सांगा.

आपण काय शिकलो?

- आरोग्य, पैसा आणि जैवमितीय ओळख यांविषयीची माहिती संवेदनशील असते. ती उघड झाल्यास परत घेता येत नाही.
- 1994 आणि 2017 च्या निकालांनी गोपनीयतेचा हक्क अनुच्छेद 21 शी जोडला.
- 2011 च्या नियमांनी आणि 2023 च्या कायद्याने सूचना व संमती यांचे स्वरूप ठरवले.
- सूचनेमुळे चोरी थांबत नाही. कमी माहिती घेणे आणि ती वेळेवर नष्ट करणे यांमुळे हानी कमी होते.
- काय, कशासाठी, कोणाला, किती काळ आणि तक्रार कोठे, हे पाच प्रश्न विचारून सूचना वाचावी.

कृती

तुमच्या मोबाइलमधील एखाद्या अ‍ॅपची गोपनीयता सूचना उघडा. वरील पाच प्रश्नांची उत्तरे तिच्यात मिळतात का, ते पाहा. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, त्याविषयी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दहा ओळींचे पत्र मराठीत लिहा. ते पत्र अभ्यासकेंद्रात वाचून दाखवा.

पाठान्त प्रश्न

1. संवेदनशील माहिती आणि इतर वैयक्तिक माहिती यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
2. राजगोपाल खटल्यात न्यायालयाने प्रकाशनाचे स्वातंत्र्य आणि गोपनीयता या दोहोंचा विचार कसा केला, ते लिहा.
3. 'जी माहिती घेतलीच नाही, ती चोरीला जात नाही.' या विधानाचे चेन्नईतील घटनेच्या आधारे विवेचन करा.
4. काकूंनी अर्ज थांबवला, हे तुम्हाला योग्य वाटते का? तुमचे मत सकारण लिहा.
5. सूचना स्वतःच्या भाषेत मिळणे का आवश्यक आहे, यावर 100 ते 120 शब्दांत परिच्छेद लिहा.

शब्दार्थ

गोपनीयता – खासगी बाबी खासगी राहण्याची स्थिती. संमती – होकार, मान्यता. प्रयोजन – हेतू, उद्देश. अंतर्भूत – आत सामावलेला. अधिसूचित करणे – शासनाने राजपत्रातून जाहीर करणे. अंतरिम – अंतिम निकालापूर्वीचा. जैवमितीय – शरीराच्या वैशिष्ट्यांवरून ओळख पटवणारे. निवारण – दूर करणे. संदिग्ध – अस्पष्ट, एकाहून अधिक अर्थ निघतील असे. धूसर – अंधूक.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

18.1 : 1. (अ) योग्य (आ) अयोग्य. 2. बँक खात्याचा क्रमांक, म्हणजे आर्थिक माहिती. साखर, शस्त्रक्रिया व आजार, म्हणजे आरोग्याची माहिती.

18.2 : 1. 21   2. नऊ   3. 22

18.3 : 1. 'आम्ही आपला दूरध्वनी क्रमांक जाहिरातींसाठी वापरू शकतो.' 2. सूचना माहितीची चोरी थांबवत नाही. माहितीचे काय केले जाईल याची ती कबुली असून ती मोडल्यास जाब विचारता येतो.